एचबीए१सी नॉर्मल आली, मग शुगर नाहीच का?

प्रश्न : माझे मोठे भाऊ ४६ वर्षांचे आहेत. बऱ्याच वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) सुरू आहे, सध्या टीएलडीची (टेनोफोव्हीर, लॅमिव्ह्युडीन आणि डोलुटेग्रावीर एकत्र असलेली) गोळी आहे. दोन महिन्यांपासून तहान फार लागते, रात्री चार-पाचदा लघवीला उठतात. लॅबमध्ये ‘तीन महिन्यांची शुगर’ ५.८ आली, शुगर नाही म्हणाले. ते सिकलसेलचे वाहक आहेत. पुढे काय तपासावं?
– एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, एवढ्या एका आकड्यावर थांबू नका. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजेच एचबीए१सी, तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. एचआयव्ही असलेल्यांत हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. झिडोव्हुडीन किंवा अबॅकावीर ही एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांत तर ही शक्यता जास्तच. त्यात सिकलसेलचं हिमोग्लोबिन असलं की काही मशीन चुकतात. आपल्या विदर्भात सिकलसेल बरंच आढळतं, म्हणूनच रक्तातली साखर थेट मोजलेली बरी.

तहान-लघवीचा त्रास आहे, तेव्हा उपाशी राहायची वाट पाहू नका. कोणत्याही वेळी शिरेतून घेतलेल्या रक्तात साखर २०० किंवा जास्त निघाली, तर निदान तिथंच झालं. कमी आली तर रात्रीच्या जेवणानंतर ८ तास फक्त पाणी (सकाळचा चहा नाही, खर्राही नाही) आणि उपाशीपोटी तपासणी. १२६ किंवा जास्त, तेही दोन वेगळ्या दिवशी, म्हणजे मधुमेह.

नमुना राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्येच घ्यायला सांगा. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. उन्हाळ्यात गावातून तालुक्याला नमुना पोचेपर्यंत १३५ चे ११५ सहज होतात, आणि पेशंट ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो.

त्याच दिवशी लघवीत साखर आणि प्रोटीनही बघा. रक्तात साखर नॉर्मल पण लघवीत सापडली, तर टेनोफोव्हीरने मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा केल्याची शंका घ्यावी. तहान आणि लघवी त्यानंही वाढते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा, पण टीएलडीतलं डोलुटेग्रावीर ते ०.१-०.२ ने नुसतंच वाढवतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. म्हणून जुन्या रिपोर्टशी ताडून बघा. एआरटीची गोळी मनानं मात्र बंद करू नका.

मधुमेह निघाला तर औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना टीएलडीचा डबा दाखवा. डोलुटेग्रावीरमुळे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध रक्तात वाढतं, त्यामुळे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. लॅबवाल्याला एचआयव्हीबद्दल सांगायची काही गरज नाही.

उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी दिसली, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.