आधी-नंतरचे फोटो नीट काढा

नवीन पार्लरला सोशल मीडियावर ग्राहक मिळवून देतात ते आधी-नंतरचे फोटो, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्याही तिथेच. खुर्ची खिडकीसमोर एकाच जागी ठेवा, फोन ग्राहकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण १ मीटर अंतरावर. फार जवळून काढलं तर नाक मोठं दिसतं. ब्यूटी मोड आणि फिल्टर दोन्ही वेळा बंद. पहिला फोटो पिवळ्या बल्बखाली आणि दुसरा दिवसाउजेडी काढलात, तर दिसणारा फरक उजेडाचा असतो, फेशियलचा नव्हे, आणि बघणाऱ्याला ते कळतं. हेअर कलरचा फोटो केस पूर्ण वाळल्यावरच घ्या. ओल्या केसांत शेड गडद दिसते.

संमती लेखी घ्या. चेहरा दाखवायचा की फक्त केस, हे वेगळं विचारा.

रील उभी, रुंदी-उंची ९:१६ प्रमाणात. तयार लूक पहिल्या २-३ सेकंदांतच दाखवा. मजकूर अगदी खाली टाकू नका, तो बटणं आणि कॅप्शनखाली झाकला जातो. कॅप्शनमध्ये काय केलं, किती वेळ लागला, किती आठवडे टिकतं ते लिहा. ‘डाग कायमचे गायब’ असले दावे कृपया नकोतच. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटवर बरीच लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत, म्हणून आवाज आधी निवडा, एडिटिंग नंतर.