ब्रॉयलर लंगडतात? कॅल्शियमची बाटली खाली ठेवा

प्रश्न (देपालपूर, जि. इंदूर): हजार चौरस फुटांच्या शेडमध्ये 1200 ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) आहेत. 23 व्या दिवसापासून पक्षी लंगडतात, बसून राहतात. दुकानदार म्हणतो, कॅल्शियमचं लिक्विड दुप्पट द्या, सोबत अँटिबायोटिक. देऊ का?

उत्तर: नाही. दुप्पट तर मुळीच नाही.

कंपनीच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असतंच. वरून बाटली ओतली की स्फुरद (फॉस्फरस) नीट शोषलं जात नाही, हाड कच्चं राहतं आणि मूत्रपिंडं जातात. असा मेलेला पक्षी फाडला की आत खडू फासल्यासारखं पांढरं दिसतं. लेयरचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं, खाद्य ब्रॉयलरला घातलं तरी तेच. दुकानदार बाटली विकतो, मेलेले पक्षी तुम्ही मोजता.

आधी पक्षी हातात घ्या. तळपायाला काळी खपली असेल तर गादी, म्हणजे जमिनीवरचा भुशाचा थर, ओली आहे. चोच रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस. खाद्य तपासा, मका बुरशीचा असेल तर बदला. सांधा गरम, सुजलेला असेल तर जंतूंचा संशय, आणि तेव्हाही अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, विक्रीआधी बंद ठेवायचे दिवस पाळून. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोणी दिलं तर घेऊ नका, 2019 पासून बंदी आहे.

गादी मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली. रोज उकरा, पाण्याच्या निपलखालची ओली गादी काढून कोरडा भुसा टाका. पक्ष्याला एक चौरस फूट लागतो. तुमचे दोनशे जास्तच आहेत.

आता माझा आग्रह: सातव्या दिवसानंतर रात्री सलग सहा तास अंधार. रात्रभर दिवा ठेवला की मांस भराभर चढतं, हाड मागे राहतं. वजन घटेल म्हणून घाबरू नका, पक्षी ते पुढे भरून काढतो. वीज जाते तो अंधार यात धरू नका. वेळ ठरलेली हवी. 23 व्या दिवशी सुरू करून वाकलेला पाय सरळ होणार नाही. पुढच्या लॉटला पहिल्या आठवड्यापासूनच तयारी ठेवा.

सध्या अगदी बसलेले पक्षी वेगळे करा, खाद्य-पाणी जवळ, खाली ठेवा. दोन-तीन पक्षी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला न्या.

खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड कुक्कुटपालनालाही मिळतं, बँकेत विचारा.