तहानेनं नाही हो, बुडून मेलं ते

या वेळचा पत्रांचा गठ्ठा जवळजवळ सगळा घरातल्या झाडांचाच निघाला. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, फक्त भरपूर झाडं मारून बसलेली बाई आहे, आणि कुठलं कशानं मेलं ते आता बऱ्यापैकी कळायला लागलंय एवढंच.

ताई, मी दर रविवारी न चुकता पाणी घालते, कधी विसरत नाही, तरी हा माझा तिसरा स्नेक प्लांट गेला. पानं बुडाशी मऊ पडतात आणि एक दिवस आडवीच होतात. सगळे म्हणतात हे झाड मरतच नाही. माझ्या हातालाच काही आहे का?

हाताला काही नाही हो, रविवारला आहे. झाडाला कॅलेंडर कळत नाही. त्याला पाणी कधी हवं ते उजेड किती, गरमी किती, कुंडी केवढी, माती कसली यावर ठरतं, आणि स्नेक प्लांट तर जाड पानात आणि मातीखालच्या खोडात पाणी साठवून बसलेला असतो, त्याला दर आठवड्याला पाजणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला परत पाटावर बसवण्यासारखं आहे.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटीत ती हवा असते. आपण सारखं पाणी ओतत राहिलो की त्या फटी भरूनच राहतात, मुळं गुदमरतात, मग कुजवणारी बुरशी लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत उभं असलेलं झाड वरून तहानल्यासारखंच दिसतं! माझी पीस लिली अशीच गेली. ती एरवी तहान लागली की मान टाकायची, पाणी घातलं की दोन-चार तासात परत उभी, नाटकीच जरा. एकदा माती ओली असताना तिने मान टाकली, मी सवयीने पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी अजून घातलं, शेवटी कुंडीतून उपटून बघितली तर गटारासारखा वास आणि मुळाला हात लावला की वरची साल निसटून येत होती, आत नुसता दोरा.

आता तुमचं झाड बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं असतील ती ठेवा, तपकिरी लिबलिबीत सगळी कापून टाका आणि कोरड्या, मोकळ्या मातीत लावा. एकही मूळ शिल्लक नसेल तर धडधाकट पानाचा तुकडा कापून दोन-तीन दिवस तसाच सुकू द्या, मग मातीत खोचा, पण जी बाजू खाली होती तीच खाली, उलटा खोचलात तर मूळ फुटणार नाही. याला कित्येक आठवडे लागतात, रोज उपटून बघू नका (मी बघायचे). अजून एक, कडेला पिवळी पट्टी असलेल्या जातीच्या पानापासून जे नवीन रोप येतं ते साधं हिरवंच येतं. पट्टी हवी असेल तर जुन्या झाडाचं खोड मुळांसकट विभागूनच लावावं लागतं.

कुंडीच्या बुडाला भोक आहे ना? नसेल तर बाकी सगळं सोडा, आधी ते करा. तळाशी खडे टाकले की भोक नसलं तरी चालतं असं खूप लोक सांगतात, ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांत लगेच उतरत नाही, वरची माती चिंब झाल्यावरच उतरतं, म्हणजे चिखल होता तो तसाच, उलट मुळांच्या अजून जवळ आला. आणि पाणी घालायच्या आधी बोट घालून बघा, किंवा कुंडी उचलून बघा, कोरडी कुंडी हाताला चांगलीच हलकी लागते. स्नेक प्लांटची माती तर पार तळापर्यंत सुकू द्यायची.

मी होस्टेलच्या रूमवर मनी प्लांट ठेवलाय, बुकशेल्फवर. आणला तेव्हा पानांवर पांढरे पट्टे होते, आता पानं हिरवीगार आणि इवलीशी येतात, वेल नुसता लांब नि टकला. खत घालू?

खत नको रे, खिडकी दे त्याला. आपले डोळे अंधाराला इतके पटकन सरावतात की रूम उजेडाची वाटते, पण बाहेर भर उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि घरात आतल्या भागात कित्येकदा १००-३०० लक्सच भरतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग फुकटचा खाणारा, उजेड कमी पडला की तसले पट्टे झाडाला परवडत नाहीत. खिडकीजवळ ठेव, कडक ऊन थेट नको, आणि टकला वेल कापून टाक बिनधास्त. कापताना प्रत्येक तुकड्यावर निदान एक पेर येऊ दे, जिथून पान आणि ते तपकिरी बोंडासारखं मूळ फुटतं तिथलं. पेर पाण्यात बुडव. नुसतं पान पाण्यात ठेवलंस तर मुळं येतीलही, वेल मात्र कधीच येणार नाही.

कुंडीतून बारीक काळी चिलटं उडतात, अगदी नकोसं झालंय.

त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत असतात. वरचे दोन इंच पूर्ण सुकू द्या, मगच पाणी घाला, आणि उडणाऱ्यांसाठी पिवळं चिकट कार्ड लावा. तीन-चार आठवडे धीर धरा.

हवा शुद्ध होते म्हणून बेडरूममध्ये दहा झाडं ठेवायची म्हणते. घरात रांगतं बाळ आहे.

शोभेसाठी ठेवा, छान दिसतील. हवेचं ते सगळं १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरलं, पण तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा घरात बाहेरची हवा नेहमी आत-बाहेर होत असते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. मग बाळ कुठे झोपवणार! खिडकी उघडा. मात्र डिफनबेकिया, मनी प्लांट, पीस लिली ही बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, त्यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, पान चावलं की तोंडाची आग होते आणि सूज येते.

नवीन फायकस आणला आणि आठवड्यात अर्धी पानं गळली. टाकून देऊ का?

अहो थांबा, जागा बदलली की तो रुसतोच. कुंडी बदलू नका, खत नको, आज इथे उद्या तिथे असं फिरवूही नका. फांदीला नखाने हलकेच खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी नि कोरडं लागलं तर जरा खाली खरवडा, तिथेही नसेल तर अजून खाली.