दूध पचत नाही हे पक्कं माहीत असूनही सणावाराला बासुंदी-पेढ्यांवर तुटून पडतो आणि मग दोन दिवस पोट धरून बसतो. हे थांबवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की तपासणीत लॅक्टोज असहिष्णुता निघाली, एरवी महिना महिना दुधाला शिवत नाही, पण एक पेढा तोंडात गेला की "आता मोडलंच आहे" म्हणून बासुंदीच्या दोन वाट्या होतात आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून कडक उपास. माझ्या मते गडबड तुमच्या नियमातच आहे. "आयुष्यभर थेंबसुद्धा नको" हा नियम तुमच्या आतड्याला लागत नाही, आणि असा नियम एकदा मोडला की पुढे थांबायला पायरीच उरत नाही.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं पाचक विकर (एन्झाइम) लहान आतड्यात कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब होतात. हा सगळा मात्रेचा मामला आहे. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना जेवणासोबत एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे साधारण २४० मिली दुधातलं लॅक्टोज, फारसा त्रास न होता चालतं. शिवाय यामुळे आतड्याला कायमची इजा होत नाही. (दुधाची ॲलर्जी किंवा गव्हामुळे होणारा सीलिॲक आजार असेल, तर हे गणित अजिबात लावू नका, तिथे कणभरही घातक ठरू शकतं.)

आता आकडे बघा. तीर्थाचा एक चमचा म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. मध्यम आकाराचा पेढा तीन-चार ग्रॅम. पन्नास मिली दूध घातलेला चहा अडीच ग्रॅम. बासुंदीत मात्र दूध आटतं आणि लॅक्टोज तेवढंच राहतं, त्यामुळे दीडशे मिलीची एक वाटी सहज १५ ते २० ग्रॅमवर जाते. म्हणजे पेढ्याने तुमचं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं त्यानंतरच्या दोन वाट्यांनी. त्यात त्रास सुरू व्हायला अर्ध्या तासापासून काही तास लागतात, म्हणून ताटावर बसलेलं असताना "बघ, काही होत नाहीये" असंच वाटत राहतं. कोजागिरीचं दूध तर हमखास फसवतं: आटवलेलं, ग्लासभर आणि रात्री उशिरा जवळजवळ रिकाम्या पोटी.

म्हणून आधी स्वतःचं माप काढा. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम, दूध पावडरीचे पदार्थ बंद ठेवा. पोट शांत झालं की दुपारच्या जेवणासोबत मापाच्या पेल्याने ५० मिली साधं दूध घ्या. दोन दिवस थांबा, मग १००, मग १५०, मग २००. जिथे पोट गुरगुरायला लागेल त्याच्या आधीची पायरी हे तुमचं माप. चाचणीच्या दिवशी छोले, राजमा, कांद्याची भजी, शुगर-फ्री गोळ्या खाऊ नका, नाहीतर त्यांचा वायू दुधाच्या नावावर जमा होतो. हीच चूक पुरणपोळीबाबत फार होते. दुधासोबत खाल्ली आणि पोट फुगलं तर पुढच्या वेळी नुसत्या तुपासोबत खाऊन बघा. तरीही फुगलं तर दोषी हरभऱ्याची डाळ किंवा गहू असण्याची शक्यता जास्त, कारण तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच.

माप हातात आलं की कार्यक्रमाला निघण्यापूर्वी ठरवा: आज दोन पेढे, किंवा अर्धी वाटी बासुंदी, आणि तीही जेवणाच्या मध्यात. ठरवून खाल्लेला पेढा हा नियमाचाच भाग, त्यामुळे "मोडलंच आहे" म्हणायला जागा राहत नाही. भुकेलेल्या पोटी लग्नाला जाऊ नका. दुपारी दोनची पंगत असेल तर बारा वाजता भाकरी-भाजी खाऊन निघा. कडकडून भूक लागल्यावर ठरवलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आग्रहाचं वेगळं. आपल्याकडे नुसतं "नको" म्हटलं की लोक भिडस्तपणा समजतात आणि वाटी भरतात. "काकू, दुधाचं पथ्य आहे, मला बुंदीचा लाडू वाढा" असं म्हणा. पथ्य म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही, आणि दुसरं काहीतरी मागितल्यामुळे वाढणारीचं मनही राहतं. उकडीचे मोदक, ओल्या नारळाच्या करंज्या, चिक्की, तुपातला बेसनाचा लाडू, गोव्याकडचं नारळाच्या रसातलं मणगणं (यात हरभऱ्याची डाळ असते, तेवढं बघा) हे सगळं दुधाविना होतं. विकतच्या लाडवात मात्र दूध पावडर नाही ना, ते विचारा. श्रीखंडाच्या चक्क्यातून पाण्यासोबत बरंच लॅक्टोज निघून जातं, म्हणून तेही अनेकांना सोसतं. दही-ताकही तसंच, त्यातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात.

बासुंदीच हवी असेल तर घरी लॅक्टोज-फ्री दुधाची करा. त्यातलं लॅक्टोज आधीच फोडलेलं असल्याने ते मुळातच गोड लागतं. साखर नेहमीच्या निम्मी घाला आणि चव बघून वाढवा. ते लवकर तांबूस होतं आणि बुडाला लागतं, म्हणून जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि सतत ढवळणं. बाहेर खायचं असेल तर लॅक्टेजची गोळी पहिल्या घासासोबत घ्या. जेवून झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग नाही, आणि ॲसिडिटीची गोळी इथे काहीच करत नाही.

तरीही एखाद्या दिवशी जास्त झालंच, तर दुसऱ्या दिवशीचा उपास कृपा करून सोडा. उपासाने भूक साठते आणि पुढचा झपाटा तिथेच तयार होतो. पाणी प्या, जुलाब झाले तर ओआरएस घ्या, आणि मऊ भात, वरण, तूप वेळेवर खा. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, त्याआधी शेवटचं कधी जेवला होता, शेजारी कोण होतं. चार-पाच नोंदी झाल्या की एकच वेळ किंवा एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसायला लागतो, आणि बंदोबस्त तेवढ्याचाच करायचा असतो.

वजन आपोआप घटत असेल, शौचात रक्त असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, तर हे दुधाचं समजून बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लपून खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, किंवा भीतीने एकेक पदार्थ सोडत ताट रिकामं होत जाणं, यातलं काही सुरू असेल, तर वही-माप बाजूला ठेवा आणि आहारतज्ज्ञांसोबत मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्या.