चढावर निळा धूर टाकणारी एसयूव्ही घ्यावी का?

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. घरात आईवडिलांसह सहा माणसे असल्यामुळे २०१५ सालची, सात आसनांची एक डिझेल एसयूव्ही पाहिली आहे. गाडी सुमारे १,२०,००० किलोमीटर चाललेली असून किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. मात्र चढावर जोर दिला की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. ‘फक्त टर्बोचे काम आहे,’ असे मालक म्हणतात. गाडी घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तपासणी होईपर्यंत विसारसुद्धा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळत आहे. ते टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या, सीलमधून येत असेल, तर मालकांचे म्हणणे खरे ठरेल. परंतु पिस्टनभोवतीच्या, ऑइल आणि वायू अडवणाऱ्या रिंगा झिजल्या असल्या तरी धूर तसाच निळा दिसतो आणि या दोन कामांच्या खर्चात मोठे अंतर असते. शिवाय दोन्ही दोष एकमेकांत गुंतलेले असू शकतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रिंगा झिजल्या की ज्वलनाचे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, उतरतात, तेथील दाब वाढतो, आणि टर्बोमधून खाली परतणाऱ्या ऑइलची वाट त्या दाबामुळे अडल्याने ते सीलमधून बाहेर पडू लागते. अशा गाडीत टर्बो खरोखरच ऑइल टाकत असतो, पण मूळ दुखणे इंजिनात असते, आणि नवा टर्बो बसवूनही धूर थांबत नाही.

म्हणून टर्बोकडे नंतर पाहावे. आपल्या विश्वासातील मेकॅनिकला घेऊन सकाळी जावे, आणि आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये असे मालकांना आधीच सांगावे. बॉनेट उघडून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, कारण तापलेले इंजिन सुरू होतानाचे बरेच दोष लपवते. गाडी सुरू झाल्यावर ऑइल भरायचे झाकण उघडून पाहावे. जुन्या डिझेल इंजिनातून थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे, मात्र धूर जोराने फेकला जात असेल, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगांचा संशय बळावतो. तो संशय प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, मोजूनच पक्का होतो. या तपासणीचा खर्च आपण स्वतः करावा, तो वाया जात नाही. कॉम्प्रेशन ठीक निघाले, तरच टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचले आहे का आणि टर्बोच्या शाफ्टला ढिलेपणा आहे का, हे बघावे.

हे सारे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. टर्बोतून ऑइल मोठ्या प्रमाणात आत गेले, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर भरधाव फिरू लागते आणि चावी काढूनही बंद होत नाही. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाल्यावर मात्र माणसे बसवून कात्रजचा जुना घाट अवश्य चढवावा, तापमानाचा काटा पाहत राहावा आणि दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना कूलंटची पातळी तपासावी.

कागदपत्रांचे काम तुलनेने सोपे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ही २०३० पर्यंत चालेल. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध दिल्ली परिसरासाठी आहेत, पुण्यासाठी नाहीत. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकांच्या सह्या घ्याव्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ पैसे देण्यापूर्वी हातात असावेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

दोष टर्बोपुरताच निघाला, तर त्या कामाचे लेखी अंदाजपत्रक घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी; गाडी घेण्यासारखी ठरेल. रिंगांचे काम निघाले, तर माझ्या मते ती सोडावी, कारण इंजिन उघडल्यावर खर्च कोठे थांबेल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. आणि कॉम्प्रेशन मोजू देण्यासच मालकांनी नकार दिला, तर पुढे घासाघीस न करता दुसरी गाडी पाहावी.