कसा आहे, ते विचार

प्रिय मुली,

मंगळवारी व्यसनमुक्ती वॉर्डातल्या प्रार्थनेला तू मागच्या भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभी होतीस. रात्री मेसेज आला, "सर, मी देव मानत नाही. मग पेशंटला उच्चशक्तीवर हवाला ठेव, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

कुठल्याच तोंडाने सांगू नकोस. तुला सांगायला नाही, ऐकायला ठेवलंय. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना; तिच्या 1939 साली छापलेल्या बारा पायऱ्यांमध्ये 'आम्हाला जसा उमगला तसा' हे शब्द देवापुढे जोडावे लागले ते तुझ्यासारख्याच हट्टी, देव न मानणाऱ्या बेवड्यांमुळे. तेव्हा अडचण जुनीच आहे, तिचं फार कौतुक नको.

तुझी चूक वेगळीच आहे. सहा नंबरच्या कॉटवरच्या पोराला तू विचारलंस, "देवावर श्रद्धा आहे?" तो हो म्हणाला, तू फॉर्मवर बरोबरची खूण केलीस. झालं? अगं, हो म्हणजे काय? देव आहे का, हे विचारू नकोस. कसा आहे, ते विचार. पाठीवरून हात फिरवणाऱ्या आजीसारखा, की वसुलीला दारात बसलेल्या सावकारासारखा?

मला सोबर होऊन सात वर्षं झाली होती, तेव्हा एक माळकरी आला. तिसरी स्लिप, म्हणजे सोडलेली दारू तिसऱ्यांदा पुन्हा सुरू. तुळशीची माळ स्वतःच काढून रुमालात बांधलेली. बोलता बोलता रुमाल काढायचा, गाठ चाचपायचा, परत खिशात. म्हणाला, "ती घालायची लायकी नाही राहिली, साहेब." मी तेव्हा भलताच विज्ञानवादी. "व्यसन हा आजार आहे, पाप नाही," असं ठोकून दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. वाक्य बरोबर होतं, आजही आहे. पण तो लायकीबद्दल बोलत होता. घरी गेल्यावर महिन्याभरात त्याने जीव दिला.

त्या दिवशी वॉर्डात 34 पेशंट होते आणि बघायला आम्ही दोघंच. डिप्रेशन ओळखायचं शिक्षण मला कोणी दिलं नव्हतं. हेही खरं आहे, आणि हे मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय. असो.

केनेथ पारगामेंट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच विषय वर्षानुवर्षं अभ्यासला. देवाचा आधार वाटणारे आणि 'देवाने मला टाकलं, तो शिक्षा करतोय' असं मानणारे, दोघंही श्रद्धाळूच. पण मनाचा त्रास जास्त दिसतो तो दुसऱ्यांत. वाचताना मला तो रुमाल दिसत होता.

म्हणून पुन्हा सांगतो, कसा आहे ते विचार. 'लायकी नाही' असं ऐकलंस की लगेच झोप विचार, भूक विचार, जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचार, आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टच्या कानावर घाल. देवाबद्दल वाद घालू नकोस. ज्याचं नावच पतितपावन, त्याच्या दारी लायकी कसली, हे त्याला एखादा वारकरीच सांगू दे. तुझ्या तोंडी ते उसनं वाटेल.

एका ठिकाणी मात्र विचारत बसायचं नाही. दारू तुटून दोन-तीन दिवस झालेत, माणूस चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचतोय, घरचे म्हणतायत अंगात आलंय. तिथे आधी डॉक्टर. अंगारा खुशाल कपाळाला लावू देत, सलाइनला हात लावू देऊ नकोस. बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या, असं कोणी म्हणालं तरी तेच. माळ गळ्यात, गोळी पोटात. दोन्ही मावतात.

मी मानतो का, हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस.

उद्या सहा नंबरकडे जा, फॉर्म न घेता. आणि प्रार्थनेला ओठ मिटूनच उभी राहा, पण पुढे ये. मागून कोणाचे चेहरे दिसत नाहीत.