एकाच पायाला सूज आली तर

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा डावा गुडघा बदलला. घरी आल्यावर आठवड्याभरात डावी पोटरी सुजली. ऑपरेशनचा पाय आहे, सूज यायचीच, असं सगळे म्हणाले. शेजारच्या मावशी रोज तेल लावून चोळून द्यायच्या. सूज मांडीपर्यंत चढली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉपलर सोनोग्राफीत मांडीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आधी पोटावर इंजेक्शनं दिली, आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. चाललं तर गुठळी सुटेल या भीतीने त्या पलंगावरून उतरत नाहीत. गोळ्यांनी गुठळी विरघळेल का? किती दिवस घ्यायच्या? त्यांचे उपासही बरेच असतात.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, सासूबाईंना आजच पलंगावरून उतरवा. पूर्वी अशा रुग्णांना झोपवून ठेवत. आता औषध नीट सुरू झालं असेल, दम लागत नसेल आणि दुखणं सोसवत असेल, तर आम्ही चालायलाच सांगतो. झोपून राहिल्याने पायातलं रक्त साचतं, आणि नवा गुडघाही आखडतो. वॉकर घेऊन घरातल्या घरात, दिवसातून चार-पाच वेळा चालू द्या. बसताना पाय खाली लोंबकळत ठेवू नका, स्टुलावर घ्या.

गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं, त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सूज उतरली म्हणून गोळी बंद करणं म्हणूनच घातक, आणि त्यातही पहिल्या काही आठवड्यांत सर्वात जास्त. ऑपरेशनमुळे झालेल्या गुठळीला साधारण ३ महिने औषध पुरतं. कारण सापडलं नाही किंवा कॅन्सर असेल तर ते जास्त काळ चालतं. थांबवायचं कधी, हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

उपासाचं विचारलंत हे फार बरं केलंत, कारण हे सहसा कुणी विचारतच नाही. गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. रिव्हरोक्सॅबन असेल, तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोन वेळा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा, असा नेहमीचा डोस असतो. या दोन्ही गोळ्या भरल्या पोटीच घ्याव्या लागतात, रिकाम्या पोटी त्या पुरेशा अंगी लागत नाहीत. चहाच्या घोटाबरोबर घेतलेली गोळी उपयोगाची नाही. वरईचा भात आणि दाण्याची आमटी पोटभर खाऊन घेतली तर उपासालाही चालेल. निर्जळी मात्र औषध संपेपर्यंत नको. अपिक्सॅबनला जेवणाची अट नाही. वॉरफरिन किंवा असिनोकुमारोल असेल तर रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) करत राहायची, आकडा बहुधा २ ते ३ मध्ये हवा. पालक, मेथी बंद करायची गरज नाही. मात्र एक आठवडा पालेभाजी अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही वेळेला, असं केलं की आकडा बिघडतो.

गुडघा दुखला तर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालतं. काळी शी, लाल लघवी, डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना.

आता तेल चोळण्याबद्दल. मावशींनी मायेनेच केलं, त्यांना बोल लावू नका. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे : एकच पाय अचानक सुजला तर तो चोळायचा नाही, शेकायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचा. गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. एकाएकी दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी, यांतलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

ऑपरेशनच्या पायात हे ओळखणं अवघड असतं, कारण गुडघ्याभोवती सूज असतेच. मी दोन्ही पाय उघडे करून शेजारी ठेवायला लावते. गुडघ्याखाली पुढे हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजते. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक, दाबल्यावर दुखणारी पोटरी, नडगीवर अंगठा दाबला की एकाच पायाला पडणारा खड्डा, एवढ्यावर संशय बळावतो. पाऊल वर ओढून पोटरीत कळ येते का पाहण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यावर माझा भरवसा नाही. डी-डायमर ही गुठळीची चाहूल देणारी रक्ततपासणी ऑपरेशननंतर तशीही वाढलेली येते, म्हणून अशा वेळी तिच्यावर पैसे घालवू नका, सरळ डॉपलर करा. त्यात शिरेवर प्रोब दाबतात. निरोगी शीर दाबली की पडद्यावर पूर्ण मिटते, गुठळी असेल तर मिटत नाही. पहिली तपासणी स्वच्छ आली आणि सूज मात्र वाढतच राहिली, तर आठवड्याच्या आत पुन्हा करून घ्या.

हे झालंच कसं? रक्त संथ होणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती, ही तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडोल्फ फिरचो यांच्या नावाने आजही शिकवतात. गुडघा बदलताना तिन्ही एकत्र येतात. म्हणून अशा ऑपरेशननंतर गुठळी टाळायचं औषध देतात. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलं आहे, त्यांनी घरी सोडताना आवर्जून विचारा : ‘गुठळी होऊ नये म्हणून काय दिलंय, आणि किती दिवस?’

प्रश्न : माझं वय २९. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून दर वर्षी मेडिकलमधून गोळ्या आणते. माझ्या जन्माच्या वेळी आईला पायात गुठळी झाली होती, हे आत्ताच कळलं. गोळ्या घेऊ का?

उत्तर : नको. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी लांबवण्याच्या मात्रेत घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि गुठळीचा धोका वाढतो. आईला ती झालेली असताना तो पत्करायचं कारण नाही. गर्भनिरोधक गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरे उपाय आहेत. नैवेद्य घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालतो. आणि दुसरं कुणी नसेल तर तुम्हीच करा, माझ्या मते त्यात काहीही गैर नाही. पुढे कधी दिवस राहिले, तर पहिल्याच तपासणीला आईच्या गुठळीचं सांगा आणि ते फाइलवर लिहून घ्या.